दातदुखी: घरी काय करायचं आणि डेंटिस्टकडे कधी पळायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आधी एक महत्त्वाचं, मग बाकीचं वाचा. दातदुखीबरोबर गिळायला त्रास होत असेल, श्वास घ्यायला जड जात असेल, जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज आली असेल, सूज डोळ्यापर्यंत चढली असेल, किंवा तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नसेल तर हे पान बंद करा आणि सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, रात्र असली तरी. बाकी सगळ्यांनी खाली या.

रात्रीचे दोन वाजलेत, दाढ प्रचंड ठणकतेय, आत्ता लगेच काय करू?

पहिलं म्हणजे कोमट पाण्याने चूळ भरा आणि त्या दाढेच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून फ्लॉसचा दोरा हळू फिरवून काढा. हे सगळ्यात आधी करायला सांगतेय कारण कधीकधी अन्नाचा बारीक कण फटीत घट्ट बसून हिरडी दाबत असतो आणि दुखणं हुबेहूब किडलेल्या दाढेसारखं वाटतं, तो कण निघाला की थोड्या वेळात आराम पडतो. टाचणी, सेफ्टी पिन, काडी असलं काही घालून कोरत बसू नका, हिरडी फाटते आणि दुखणं वाढतं. मग ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून तोंडात अर्धा मिनिट खुळखुळवायचं आणि थुंकायचं. त्यानंतर पेनकिलर घ्या (कुठली ते पुढच्या प्रश्नात आहे), फडक्यात बर्फ गुंडाळून बाहेरून गालावर पंधरा-वीस मिनिटं धरा, मधे थोडा गॅप घ्या, परत धरा. आणि आडवं पडताना दोन-तीन उशा घेऊन डोकं वर ठेवा, याने खरंच फरक पडतो.

पेनकिलर नेमकी कोणती आणि किती?

मोठ्या माणसाला, दुसरा काही आजार नसेल तर, आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र घेतलं की दातदुखीवर सगळ्यात चांगलं काम करतं, दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात म्हणून एकत्र चालतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मान्य केलेल्या २०२४ च्या गाइडलाइनमध्येही अफूवर्गातल्या स्ट्राँग गोळ्यांच्या आधी हीच औषधं सांगितली आहेत. काहीतरी खाऊन घ्या, दोन डोसांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवा. डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या (म्हणजे असे तीन डोस) वर नको, आणि पॅरासिटामॉल सगळं मिळून ४००० मिलिग्रॅमच्या वर अजिबात नको, वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल तर त्याच्याही बरंच खाली राहायचं आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. "सगळं मिळून" हे नीट वाचा, कारण सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, आणि काही पेनकिलरमध्ये ही दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात, त्यामुळे पाकिटावरची नावं वाचल्याशिवाय दुसरी गोळी घेऊ नका.

आयबुप्रोफेन सगळ्यांना चालत नाही. पोटात अल्सर, किडनीचा आजार, हार्टचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणं, पेनकिलरने दमा उठणं, गरोदरपण, डेंग्यूची शंका असलेला ताप, यातलं काहीही असेल तर ते टाळा, फक्त पॅरासिटामॉल घ्या आणि डॉक्टरांशी बोला.

आणि गोळी गिळायची असते, दाताशेजारी दाबून ठेवायची नसते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीला लावून झोपलेल्या माणसाची हिरडी सकाळी पांढरी पडून भाजलेली असते, ते ॲसिड आहे. वर त्याने दात दुखायचा थांबत नाहीच.

लवंगेचं तेल खरंच चालतं का?

हो, काही वेळापुरतं चालतं. त्यात युजेनॉल असतं आणि ते नस थोडी बधिर करतं, डेंटिस्ट स्वतः झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल मिसळून तात्पुरतं फिलिंग करतात. पण नुसतं तेल हिरडीला चोळायचं नाही, भाजतं. खायच्या साध्या तेलात एक-दोन थेंब मिसळा, कापसाचा अगदी छोटा बोळा भिजवून पिळून घ्या, दाताच्या खड्ड्यावर काही मिनिटं ठेवा आणि काढून टाका. गिळायचं नाही, आणि लहान मुलांना अजिबात नाही, पोटात गेलं तर त्यांच्या लिव्हरला धोका असतो. घरात बाटली असेल तर मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

दारूने चूळ भरणं, तंबाखू दाबून ठेवणं, पेट्रोल-रॉकेलचा बोळा, बॅटरीचं पाणी असले उपाय लोक अजूनही एकमेकांना सांगतात. कृपा करून करू नका. तोंडाची आतली कातडी जळते, दात तसाच राहतो.

रात्रीच का जास्त दुखतं? दिवसभर तर ठीक होतं

दाताच्या आत मधोमध मऊ भाग असतो, त्याला पल्प म्हणतात, आपण नस म्हणतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात आणि चारही बाजूंनी दाताच्या कडक भिंती. शरीरात दुसरीकडे कुठे सूज आली की ती जागा फुगते, इथे फुगायला जागाच नाही, म्हणून सगळा दाब नसेवर येतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, आतला दाबही वाढतो आणि ठोक्यागणिक ठणका लागतो. शिवाय रात्री लक्ष दुसरीकडे नसतं. रात्री झोपेतून उठवणारी दातदुखी ही सिरियस समजायची, एवढं धरून चाला.

कुठल्या प्रकारचं दुखणं म्हणजे काय, हे घरी ओळखता येतं का?

पक्कं निदान घरी होत नाही, एक्स-रे लागतोच, पण अंदाज बराच येतो आणि किती घाई करायची ते त्यावरून ठरवता येतं.

थंड लागलं की सणक जाते आणि दोन-चार सेकंदात थांबते, तर नस अजून जिवंत आणि वाचण्यासारखी असते. हे इनॅमल (दाताचा सगळ्यात वरचा कडक थर) झिजल्यामुळे, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडल्यामुळे किंवा छोट्या किडीमुळे होतं. कीड असेल तर याच टप्प्यावर साध्या फिलिंगवर काम भागतं, म्हणून एक-दोन आठवड्यात दाखवून घ्या. कीड नसेल, नुसतेच दात शिवशिवत असतील तर पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट दोन-तीन आठवडे सलग वापरून बघा, चार दिवसात फरक पडत नाही म्हणून लोक सोडून देतात, तेवढ्यात पडत नसतोच.

थंड किंवा गरम लागल्यावर कळ येते आणि कारण गेलं तरी मिनिट-मिनिट रेंगाळते, गरमाने जास्त दुखतं, काही न खाता-पिता आपोआप ठणका सुरू होतो, कान आणि कानशिलापर्यंत कळ जाते, तर नसेची सूज बहुतेक परत न फिरणाऱ्या टप्प्यावर गेलीय. आता मिठाचं पाणी आणि लवंग फक्त रात्र काढायला, एक-दोन दिवसात डेंटिस्ट.

चावताना एकच दात दुखतो, बोटाने ठोकलं तरी दुखतो, बाकीच्यांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटतो, तर इन्फेक्शन मुळाच्या टोकातून बाहेर पडून आजूबाजूला गेलेलं असू शकतं. त्यातच हिरडीवर पुटकुळी आली, खारट-घाण चव आली तर पू आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. आणि चावून दात सोडताना, म्हणजे दाब काढताना, विजेसारखी कळ येत असेल तर दाताला चीर गेलेली असण्याची शक्यता जास्त. चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून "सोडताना दुखतं" हे डेंटिस्टला आवर्जून सांगा.

सकाळी उठल्यावर एका बाजूचे सगळे दात आणि जबडा अवघडलेला असतो, दिवसा कमी होतं, तर रात्री दात खाण्याची सवय तपासून घ्या.

नेमका कोणता दात दुखतोय तेच कळत नाही, वरचा की खालचा

हे अगदी कॉमन आहे. पल्पमधल्या नसेला दुखणं कळतं पण जागा नीट सांगता येत नाही, त्यामुळे खालची दाढ खराब असताना माणूस वरच्या दाढेवर बोट ठेवतो. जागा पक्की कळायला लागते ती सूज मुळाबाहेरच्या भागात पोचल्यावर. म्हणून "तोच दात काढून टाका" असा हट्ट धरू नका, डेंटिस्टला एकेक दात थंड लावून, ठोकून तपासू द्या, चांगला दात उगाच जाईल.

दोन दिवस जीव जात होता आणि आज एकदम थांबलं. बरा झाला ना?

बहुतेक नाही, आणि या एका प्रश्नासाठी हे सगळं पान लिहिलं तरी चालेल असं मला वाटतं. भयंकर ठणका आपोआप एकदम थांबतो तेव्हा बऱ्याचदा नस मेलेली असते, मेलेली नस दुखत नाही, पण जंतू आतच असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात शिरत राहतात, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजतो तेव्हा लोक म्हणतात अचानक सूज आली, ती अचानक नसते. पुटकुळी फुटून पू वाहून गेला की पण असाच आराम वाटतो, दाब कमी झालेला असतो, इन्फेक्शन नाही. किडलेला दात घरी बरा होत नाही. अगदी वरच्या थरातली सुरुवातीची, पांढरा डाग असलेली कीड फ्लोराइडने थांबू शकते किंवा थोडी भरून येऊ शकते, पण खड्डा पडून दुखायला लागलेला दात त्याच्या पलीकडे गेलेला असतो. घरच्या उपायांनी तुम्हाला वेळ मिळतो, तो वेळ अपॉइंटमेंट घ्यायला वापरा, दुखायचं थांबलं तरी कॅन्सल करू नका.

मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घेतलं तर?

नको. नसेची सूज असते तेव्हा अँटिबायोटिकने दुखणं कमी होत नाही, ती पेनकिलर नाही. आणि नस मेलेली असेल तर तिथे रक्तपुरवठाच बंद झालेला असतो, औषध पोचणार कसं? जंतूंचं घर दातात आहे, ते उघडून साफ करावं लागतं किंवा दात काढावा लागतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये पण हेच आहे, की एरवी तब्येत ठीक असलेल्या मोठ्या माणसाला दातावर लगेच इलाज मिळू शकत असेल तर अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिकची गरज नाही. ताप आला, सूज पसरतेय, तब्येत ढासळतेय, तेव्हा ती लागते आणि डॉक्टर देतात. कपाटातल्या जुन्या अर्ध्या पाकिटातल्या तीन गोळ्या घेऊन थांबणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

गाल सुजलाय, गरम पाण्याच्या पिशवीने शेकू का?

शेकू नका, बाहेरून थंडच ठेवा. आणि सूज दिसली की त्याच दिवशी डेंटिस्ट. ताप, थंडी वाजणं, तोंड न उघडणं, आवाज बदलणं, लाळ गळणं हे असेल तर हॉस्पिटल. खालच्या दाढांचं इन्फेक्शन जिभेखालच्या जागेत दोन्हीकडे पसरलं तर जीभ वर ढकलली जाते आणि श्वासनलिका बंद व्हायची वेळ येते, याला लुडविग्ज अँजायना म्हणतात, जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये याचं वर्णन केलं होतं. आज इलाज आहे, पण वेळेत पोचलं तर. काही तासांत वाढू शकतं, "सकाळी बघू" म्हणू नका.

शुगर असलेल्यांनी, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्यांनी, स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर छोटी सूजही हलक्यात घेऊ नये.

मुलाचा दुधाचा दात दुखतोय, पडणारच आहे ना, मग कशाला डेंटिस्ट?

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, तोवर त्याच दाढांनी मुलाला जेवायचंय. आणि त्यांच्या मुळाखालीच पक्का दात तयार होत असतो, वरचं इन्फेक्शन त्याला खराब करू शकतं. दात लवकर काढावा लागला तर शेजारचे दात सरकतात आणि पुढचे वाकडे येतात. म्हणून दाखवा.

औषध मुलाच्या वजनाप्रमाणे, बाटलीवर लिहिलेल्या मापानेच द्या, घरातल्या चमच्याने नाही. ॲस्पिरिन सोळा वर्षांखाली नाही, त्याने रेज सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण जीवघेणा प्रकार होऊ शकतो. बेंझोकेन असलेलं बधिर करायचं जेल दोन वर्षांखालच्या बाळाला कधीच लावू नका, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियंत्रण संस्था) २०१८ मध्ये त्यावर कडक इशारा दिलाय.

गरोदर आहे, दात दुखतोय, डिलिव्हरीपर्यंत थांबू का?

थांबू नका. इन्फेक्शन अंगात ठेवून बसणं इलाजापेक्षा जास्त धोक्याचं. चौथा ते सहावा महिना बसायला-झोपायला जास्त सोपा जातो एवढंच, पण तातडी असेल तर कुठल्याही महिन्यात इलाज होतो, बधिर करायचं लिडोकेनचं इंजेक्शन चालतं, गरज पडली तर दाताचा एक्स-रे पण. आधीच सांगा की गरोदर आहात. दुखण्यावर पॅरासिटामॉल, तेही गरजेपुरतं, आयबुप्रोफेन नको आणि विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच.

अक्कलदाढ येतेय, तिच्यामुळे दुखतं, काढावीच लागते का?

सरळ येत असेल, ब्रश पोचत असेल तर ठेवा. साधारण सतरा ते पंचवीस वयात येते आणि जागा कमी असली की अर्धवट बाहेर राहते, वरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकतं आणि ती सुजते. मिठाच्या पाण्याने तो भाग दिवसातून चार-पाच वेळा धुवा, छोटा ब्रश घेऊन मागेपर्यंत घासा, दोन-तीन दिवसात ओसरतं. परत परत होत असेल किंवा शेजारच्या दाढेला कीड लावत असेल तर काढलेली बरी. तोंड उघडेना झालं की घरचे उपाय बंद.

रूट कॅनल खूप दुखतं म्हणतात, त्यापेक्षा दात काढून टाकू?

भीती समजते मला. पण दुखत असतो तो आतला सुजलेला पल्प, आणि रूट कॅनलमध्ये दात बधिर करून तोच काढून टाकतात. खरं सांगायचं तर खालची दाढ खूप पेटलेली असेल तर पहिल्या इंजेक्शनने पूर्ण बधिर होत नाही असं होतं, सुजलेल्या भागात बधिरीचं औषध नीट काम करत नाही, तेव्हा सहन करत बसायचं नाही, हात वर करून सांगायचं, डेंटिस्ट अजून औषध देतात, वेगळ्या जागी देतात. नंतर दोन-चार दिवस चावताना हुळहुळतं, ते साध्या पेनकिलरने जातं. दाढेवर नंतर कॅप (दातावर बसवायचं टोपण) बसवून घ्या, ती टाळली की दाढ फुटते आणि सगळी मेहनत वाया.

दात काढणं चुकीचं असतं असं नाही, फारच कमी दात उरला असेल किंवा मुळापर्यंत चीर असेल तर तोच मार्ग. पण वाचण्यासारखा दात फक्त भीतीपोटी काढू नका, रिकाम्या जागेत शेजारचे दात कलतात, मग ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) नाहीतर इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात).

दात काढून तीन दिवस झाले, कमी व्हायच्या ऐवजी आता जास्त दुखतंय

खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडलं असेल, ड्राय सॉकेट म्हणतात. तोंडाला वास येतो, कळ कानाकडे जाते. सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त होतं. परत डेंटिस्टकडे जा, खड्डा धुवून औषध भरतात आणि बराच आराम पडतो. दात काढल्यावर पहिला दिवस जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, ते यासाठीच सांगतात.

फिलिंग किंवा कॅप निघून आली

कॅप जपून ठेवा, टाकू नका, सोबत घेऊन जा. फेविक्विकसारखा गोंद लावून घरी चिकटवू नका. त्या बाजूने चावू नका, मेडिकलमध्ये तात्पुरतं फिलिंग मटेरियल मिळालं तर तेवढ्यापुरतं भरा आणि काही दिवसात दाखवा.

डेंटिस्ट म्हणतात दात ठीक आहेत, तरी दुखतंय

होऊ शकतं. सर्दीनंतर वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात आणि खाली वाकल्यावर वाढतं, तर सायनस असू शकतं. चेहऱ्याला हात लागला, वारा लागला, दात घासले की काही सेकंदांचा करंट बसल्यासारखा झटका, तो नसेचा वेगळा आजार असू शकतो, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, त्याच्यासाठी दात काढत बसू नका. आणि चालताना, जिना चढताना खालचा जबडा दुखायला लागतो, थांबलं की कमी होतं, किंवा सोबत छातीत दाब, घाम, धाप, हातात कळ असेल तर ते हार्टचं असू शकतं, अँब्युलन्स बोलवा.

धूर देऊन दातातला किडा काढतात ते खरं का?

दातात किडा नसतो. ही समजूत जगभर हजारो वर्षं होती, फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ च्या त्यांच्या दंतवैद्यकाच्या पुस्तकात तिला नकार दिला. तोंडातले जंतू साखर आणि पिष्ट पदार्थ खाऊन ॲसिड तयार करतात, त्या ॲसिडने दात विरघळतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं आणि परत वर यायला अर्धा तास तरी जातो, म्हणून एकदम खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर थोडं थोडं खाल्लेलं गोड दातांना जास्त महागात पडतं. धूर देऊन दाखवतात ते दातातून निघालेलं नसतं.

डेंटिस्टकडे जाताना काय तयारी करू?

कधीपासून दुखतंय, थंडाने की गरमाने, किती वेळ रेंगाळतं, रात्री जाग येते का, चावताना दुखतं का, हे मोबाइलमध्ये लिहून न्या, खुर्चीत बसल्यावर निम्मं आठवत नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा, रक्त पातळ करायच्या आणि हाडं मजबूत करायच्या गोळ्या किंवा इंजेक्शन खास करून, पण स्वतःच्या मनाने त्या बंद करून जाऊ नका. ॲलर्जी सांगा. कुठली पेनकिलर किती वाजता घेतली ते सांगा, कारण पेनकिलरच्या अमलाखाली तपासताना दुखणारा दात गप्प बसू शकतो. खाऊन जा, नंतर तोंड बधिर असताना दोन-तीन तास नीट खाता येत नाही आणि ओठ-गाल चावला तरी कळत नाही.

त्याच दिवशी अपॉइंटमेंट मिळत नसेल तर फोनवर "दात दुखतोय" एवढंच म्हणू नका, "रात्री झोपेतून उठवतं" किंवा "सूज आहे, ताप आहे" असं नेमकं सांगा, अशा पेशंटला सहसा लवकर वेळ देतात.